हेस्टरबाईच्या हातची काडतुसं

आमच्या बॅरेंडसाहेबाचा भरवसा फक्त बायकोने भरलेल्या काडतुसांवर. हिवाळ्यात वर डोंगरातल्या मळ्यावर हिव पडलं, की हेस्टरबाई स्वयंपाकघरात तराजू मांडायची आणि दारू तोलून एकेक पितळी काडतूस भरायची. तेव्हा मध्ये कुणी बोललेलं तिला खपत नसे. मी मुड्झिंग्वा, शिकारीत जनावरांचा माग काढणारा. साहेबाच्या पुढे चालण्यात माझा जन्म गेला.

त्या हिवाळ्यात साहेब हट्टाला पेटला. वय झालेलं, आदल्या साली रानरेड्याने त्याला झाडावर चढवलेलं.

"दारू वाढव. जरा सढळ हाताने घाल की, कंजूष!"

"वाढवते हं! इथे थंडीत ठीक आहे. ऑक्टोबरात खाली झांबेझीच्या खोऱ्यात भट्टी पेटते. उन्हाने दारू चेकाळली, पितळ फुगून आत रुतलं, तर दुसरी गोळी काय दाताने झाडशील?"

"पहिल्या गोळीतच लोळवतो. तू घाल."

बाई ऐकेना, तर हा बाबा जेवणावर रुसला! शेवटी तीच पाघळली. "घे, घातली!" म्हणाली. साहेबाने तिच्या हातांचे मुके घेतले. लेकाचा हसायचा किती गोड!

ऑक्टोबरात, पैसे मोजून साहेबाबरोबर शिकारीला आलेल्या गिऱ्हाइकाने जखमी केलेला रेडा झुडपातून उसळून आला. साहेबाची गोळी लागली, पण रेडा थांबला नाही. दुसरी गोळी भरायला साहेब रायफलचा बोल्ट उचलायला गेला, तो हलेना.

"मुड्झिंग्वा, अडकलं रे!" एवढंच ओरडला. गिऱ्हाइकाने रेडा पाडला, पण तोवर आमचा माणूस गेला होता.

ते रिकामं काडतूस काढून फेकून द्यावं म्हणून मी बोल्ट दगडाने ठोकला. नाहीच निघालं. बाईला हे कळता कामा नये, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

"दुसरी गोळी?" मी मळ्यावर परतलो तेव्हा तिने विचारलं.

"वेळच नव्हता, बाई. देवाशप्पथ!"

तिने मान हलवली, मला चहा दिला. माझा जीव भांड्यात पडला. पण शिकारीहून आलेली रायफल पुसायचा नेम तिचाच. सवयीने तिने ती पुढ्यात ओढली, बोल्टला हात घातला. मग दोन्ही हातांनी जोर लावला. दगडाचे ओरखडे तिला दिसले. मला तोंड कुठे लपवू असं झालं.

"शेवटी काही बोलला?"

तिला तेवढाच आधार होईल असं वाटलं मला. जळो माझी जीभ!

"तुमचं नाव घेतलं, बाई."

तिने दोन्ही हात ॲप्रनखाली लपवले.

"म्हणजे का अडकलं ते त्याला कळलं होतं," ती म्हणाली.