गोळ्या जायच्या कुठं?

माझा स्वभाव संशयी आहे, हे मीच आधी सांगते, म्हणजे दुसऱ्या कुणी सांगायला नको. चिकलठाण्याच्या कारखान्यात अठरा वर्षं मी तयार माल तपासला. दिसायला चांगला म्हणून एखादा भाग पुढं सोडला, की दुसऱ्या दिवशी साहेबांचं बोलावणं आलंच. ती सवय घरी आली आणि तावडीत सापडली माझी लेक.

ती दहावीत होती तेव्हा हिमोग्लोबिन नऊ निघालं. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या, रोज एक. तीन महिन्यांनी तपासलं, नऊ. गूळ-शेंगदाणे झाले, बीट झालं, लोखंडी कढईतल्या पालेभाज्या झाल्या. पुन्हा नऊ! डॉक्टरांनी सहज विचारलं, "गोळ्या नियमित घेते ना?" झालं. माझ्या डोक्यात किडा वळवळायला तेवढं पुरे होतं.

मी गोळी माझ्यासमोर घ्यायला लावली आणि पाकिटातल्या मोजायला लागले. महिन्याचं पाकीट वीस दिवसांतच संपत आलेलं असायचं. घेतल्या असत्या तर रक्त वाढलं असतं. वाढत नाही, म्हणजे पाकीट लवकर संपावं म्हणून फेकते. गादीखाली बघितलं, कुंड्या उकरल्या, मोरीची जाळीसुद्धा काढून पाहिली. काही सापडलं नाही, तर मला वाटलं, कार्टी लई हुशार निघाली. पाकीट मी मुद्दामच कुलपात ठेवलं नाही, चोर रंगेहाथ हाती लागावा म्हणून.

रोज सकाळी तिला समोर उभं करून मी गोळी द्यायचे आणि म्हणायचे, "आ कर. जीभ वर कर." सोळा वर्षांची पोर गुमान तोंड उघडायची. पोट दुखतं म्हणाली की मी म्हणायचे, "नाटकं नकोत." आमचे हे एकदा म्हणाले, "अगं, पोरगी खोटं बोलत नाही." मी म्हणाले, "तुम्ही गप बसा, तुमच्याच वळणावर गेलीय ती."

पुढं कॉलेजात रक्तदान शिबिर झालं. तिथून हिला परत पाठवलं आणि वेगळी तपासणी करायला सांगितली. रिपोर्ट आला तेव्हा डॉक्टरीणबाईंनी आम्हाला शांतपणे समजावलं. रक्ताच्या लाल पेशी कशा बनवायच्या, याची एक सूचना मूल आईकडून घेतं, एक बापाकडून. हिच्यात त्यातली एक चुकीची आली, म्हणून पेशी लहान राहतात. थॅलेसेमिया मायनर. हिला धोका नाही. फक्त लग्न ठरवताना मुलाचं रक्त तपासायचं, कारण दोघंही असेच असले तर बाळाला मोठा आजार होऊ शकतो.

"आणि लोहाच्या गोळ्या आजपासून बंद," बाई म्हणाल्या. "हिच्यात लोह कमी नाहीच, उलट जास्त झालंय."

माझा विश्वास बसतोय होय! नमुन्यांची अदलाबदल झाली असेल म्हणून दुसऱ्या लॅबमध्ये तपासलं. तेच आलं. मग आम्हा दोघांचं रक्त तपासायला घेतलं. माझी नणंद पहिल्यापासून पांढरीफटक, तेव्हा हे खूळ कुठल्या घराण्यातलं ते मी मनाशी ठरवूनच टाकलं होतं. ह्यांचा रिपोर्ट स्वच्छ आला. दोष माझ्यात निघाला.

माहेरी गंगापूरला आमच्या शेतात कापूस वेचताना मला धाप लागायची. आई म्हणायची, "कामाच्या वक्ताला बरं दमायला होतं गं तुला!" त्या बोलण्याचा राग मी आजवर धरून होते. आणि मी तरी काय वेगळं केलं? आईनं निदान माझं तोंड उघडून बघितलं नव्हतं. मला माझीच लाज वाटली.

घरी आल्यावर लेकीजवळ बसले. "चुकलं गं माझं," म्हणाले. हे शब्द माझ्या तोंडून सहसा निघत नाहीत. ती नुसतं "असू दे" म्हणाली. तिथंच थांबायला हवं होतं, पण जित्याची खोड!

"एक विचारू? रागवत नाही. पाकीट लवकर संपायचं, त्या गोळ्या जायच्या कुठं?"

"पोटात," ती म्हणाली. "एक तुझ्यासमोर घ्यायचे. तू कामावर गेलीस की जमेल तेव्हा आणखी एक. आकडा वाढला असता तर तुला खरं वाटलं असतं ना, मम्मी."