नाव मात्र गावच्या मंडळीत

सिल्वासात आम्हा ख्रिस्ती लोकांची उपासना टोकरखाड्यात एका शिक्षकाच्या घरी भरायची. पुरेसे सभासद झाले, तरच आम्हाला स्वतःचा पाळक, म्हणजे धर्मगुरू, मिळणार होता. मी पत्रकं घेऊन दारोदार सांगत फिरायचो, "गावच्या चर्चच्या मंडळीतून नाव काढा, इथं लावा."

दर रविवारी सतरंजीवर सगळ्यांत पुढे बसणारे काका म्हणाले, "नाव तिथंच राहू दे, बाबा. माझी माती तिथल्याच कबरस्तानात व्हायचीय."

मी भडकलोच. "म्हणजे प्रार्थनेला आम्ही, आणि सभासद मेल्यावरच्या सोयीसाठी तिकडचे?"

आतून काकूंनी विचारलं, "तुझं लागलं का रे इथं?"

माझं नावही अजून माझ्या गावी, नाशिकच्याच मंडळीत होतं. आई काढू देत नव्हती.

पाळक त्या वर्षीही आला नाही.