मी पायाळू नाही

वीज माझ्यावर पडली नाही, शेजारच्या बाभळीवर पडली. पण हे आमच्या घरात कुणाला सांगून उपयोग नाही. पिंपळवंडीच्या शिवारात खतासाठी मेंढ्या बसवल्या होत्या. आभाळ भरून आलं म्हणून मी कोकरं गोळा करायला धावले. पुढचं काही आठवत नाही. शुद्धीवर आले तेव्हा पाय लाकडासारखे झाले होते आणि कानात शिट्टी वाजत होती. ती अजून वाजते.

पाठीवर लाल नक्षी उठली होती, झाडाच्या फांद्यांसारखी. बघायला अख्खी वस्ती आली. दोन दिवसांत नक्षी गेली, आणि तिच्याबरोबर माझं दुखणंही गेलं असं सगळ्यांनी गृहीत धरलं. नारायणगावच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, की हृदय ठीक आहे, पण मेंदूला आणि नसांना झटका बसलाय. विसरायला होईल, बोटांना मुंग्या येतील, चिडचिड होईल, बरं व्हायला महिने लागतील. घरी पोचेपर्यंत त्यातलं 'ठीक आहे' एवढंच उरलं. चिडचिड मात्र अगदी वेळेवर आली.

आमच्यात मेंढ्या संध्याकाळी चरून आल्या की दिवसभर जाळीत कोंडलेली कोकरं ज्याच्या त्याच्या आईला लावायची असतात. हे काम माझं. कोकराचं तोंड बघितलं की मला त्याची आई कळायची. आता कळेना. चुकीच्या मेंढीखाली सोडलं की ती ढुशी देते आणि कोकरू उपाशी राहतं. बघता बघता दोन कोकरं खंगली.

सासूबाईंना याचं कारण सापडलं. मी पायाळू! म्हणजे जन्मताना आधी पाय बाहेर आलेली. पायाळू माणसाला वीज शोधत येते म्हणतात. ढग दिसला की जाऊबाई माझ्यापासून लांब जाऊन उभ्या राहायच्या. कानातल्या शिट्टीबद्दल एकानेही विचारलं नाही. चौकशी सगळी माझ्या पायांची, तीही जन्माच्या वेळच्या.

शेवटी आंबेगाव तालुक्यात माझ्या माहेरी निरोप गेला. आई एसटीने आली आणि पाण्याचा तांब्या बाजूला सारून म्हणाली, "इहीनबाई, माझी लेक डोक्याकडनं झाली. सुईण अजून जित्ती हाय, इचारा तिला."

मला वाटलं, सुटले एकदाची.

सासूबाईंचा चेहरा खुलला. "लई बरं झालं. आमाला उगं शंका व्हती." मग माझ्याकडे वळल्या. "दोष न्हाई, काय न्हाई. ऊठ, कोकरं लाव."

"आत्याबाई, माझ्या डोक्यात काय राहत न्हाई वो."

"आता का न्हाई राहायचं? तू कुठं पायाळू हाईस?"

यावर माझ्या आईनेही मान डोलावली. माझ्या आईने! ओरडावंसं वाटलं, पण शब्दच सापडेनात, हल्ली ऐन वेळी ते सापडत नाहीत.

जाऊबाई कितीतरी दिवसांनी माझ्या जवळ आल्या, एक कोकरू माझ्या हातात दिलं आणि चुलीकडे निघून गेल्या. मेंढ्या ओरडत होत्या. कोकरू माझं बोट चोखत होतं. मी एकेका मेंढीच्या तोंडाकडे बघत गेले, आणि त्यातली एकही मला ओळखीची वाटेना.