कुडकुडे छातू आणि बगेरी

कलकत्त्याला मी पक्षी खाल्ला, हे आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. चुकून खाल्ला म्हणून सुटता आलं असतं. पण चूक पहिल्या घासापुरतीच होती.

पौषात कचेरीच्या कामानं नागपूरहून निघालो. हावड्याला तिथल्या कचेरीतले विश्वासबाबू घ्यायला आले. आदल्या श्रावणात त्यांनीच मला सालवृक्षांच्या वनातले छातू खाऊ घातले होते. कलकत्त्यात छातू म्हणजे सातूचं पीठ. पण बाबू बांकुड्याकडचे, तिथं छातू म्हणजे अळंबी. गोटीएवढे, दाताखाली कुरकुरणारे, म्हणून ‘कुडकुडे’ छातू. आपल्या मराठी कुडकुडण्यासारखा त्याचा थंडीशी काही संबंध नाही!

दुसऱ्या दिवशी सियालदहहून गाडीनं बजबजला गेलो. तागाच्या गिरणीतलं काम आटोपून नदीकाठच्या दुकानात टेकलो. पुढ्यात तळलेले काळपट गोळे आले.

"बगेरी. खान, खान!" बाबू खाण्याचा आग्रह करत म्हणाले.

मला वाटलं, छातूचीच एखादी जात. तसंच कुरकुरलं.

"वा! श्रावणातल्या छातूंपेक्षा हे चविष्ट."

दुकानदार पोट धरून हसला. "छातू नय दादा, पाखी! मराठीबाबूंना हाडंसुद्धा कळली नाहीत!"

त्यानं पिंजऱ्यावरचं फडकं उचललं. आत मातकट पक्षी एकमेकांना चिकटून बसलेले. एकानं मान वर केली आणि मी ओळखलं, हे चंडोलाच्या कुळातले.

"पूर्वी टोपल्याच्या टोपल्या यायच्या," दुकानदार म्हणाला, "आता जाळी निम्मी रिकामी येतात."

छातू खुडला तरी त्याचा जीव सालवृक्षाच्या मुळांशी मातीत राहतो; पाऊस झाला की पुन्हा वर येतो. पाखराचं मागं काहीच उरत नाही. हे मला तिथं, त्या बाकावरच, नीट कळत होतं. तरी मराठीबाबू घाबरला असं कुणी म्हणू नये, म्हणून मी ताटली संपवली. पुसून.

घरी आल्यावर बायकोनं, वासंतीनं, विचारलं, "तिकडे काय खाल्लंत?"

"अळंबी."

"पौषात? तिकडचा पाऊस जायचं नाव घेत नाही वाटतं!" ती हसली आणि तिनं विश्वास ठेवला. सकाळी घरामागच्या माळावर तिनं माझी बाही ओढली, "अहो, थांबा की. आपला गवई ऐका."

वर चंडोल गात होता. मी ऐकत राहिलो.

आता ठरवलंय. हा मजकूर छापायला जाण्याआधी तिला वाचून दाखवायचा, मग ती काय म्हणायचं ते म्हणो. वासंतीला मी एक खरं उत्तर देणं लागतो. ते अजून दिलेलं नाही.