दोन्ही हात मोकळे

घरी तिला सगळे हातानेच हाक मारायचे. आईवडील दोघांनाही जन्मापासून ऐकू येत नव्हतं, त्यामुळे शाळेच्या दाखल्यावरचं तिचं नाव घरात कधी कुणाच्या उपयोगी पडलं नाही. खांद्यापासून छातीवर तीन बोटं पिळत खाली आणली, की झाली 'वेणी'. पुढे तिने केस कानापर्यंत कापून टाकले, तरी नाव वेणीच राहिलं.

वडील शिंपी होते आणि आई इस्त्रीच्या दुकानात कामाला जायची. वेणी तोंडाआधी हातांनी बोलायला शिकली. "पोरगीही आईबापांवरच गेली," असं म्हणून शेजारणी हळहळल्या. मग एक दिवस तिने दूधवाल्याला "उद्या अर्धाच लिटर" असं खणखणीत सांगितलं, तेव्हा त्यांची तोंडं मिटली. तेव्हापासून आईवडिलांचं बाहेरच्या जगाशी जे काही बोलणं व्हायचं, ते तिच्यामार्फत. एकदा घरमालक दारात येऊन म्हणाला, "तुझ्या बापाला सांग, पहाटे मशीन चालवत जाऊ नको. आवाजाने झोप होत नाही." वेणीने सांगितलं. वडिलांनी विचारलं, "कसला आवाज?" ते टाळाटाळ करत नव्हते, खरंच विचारत होते. शिवणयंत्र आवाज करतं हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. लहान तोंडी मोठा घास म्हणतात तो हाच. आठ-नऊ वर्षांच्या पोरीने बापाला आवाज म्हणजे काय ते समजावायचं आणि मालकाला बापाचा चेहरा समजावायचा.

मोठेपणी तिने हेच काम धरलं. खुणांच्या भाषेचं रीतसर शिक्षण घेतलं आणि कोर्टात, दवाखान्यात, पोलीस चौकीत दुभाषी म्हणून जाऊ लागली. लग्न झालं ते घड्याळं दुरुस्त करणाऱ्याशी. स्वभावाने शांत माणूस, डोळ्याला भिंग आणि तोंडाला कुलूप. तो कमी बोलतो म्हणूनच निवडला, दिवसभर दुसऱ्यांचं बोलून घरी आल्यावर डोकं शांत राहतं, असं ती सांगायची.

मोबाइलवर एकमेकांना बघून बोलता येऊ लागलं आणि तिच्या कामाचं रूपच पालटलं. गावातल्या ऐकू न येणाऱ्या माणसांच्या हातात जणू ती स्वतःच आली. कुणी बँकेच्या खिडकीपाशी उभं राहून तिला लावायचं, कुणी शाळेच्या मुख्याध्यापकांसमोर बसून. पण व्हिडिओ कॉल बॅटरी अशी पितो, की तापल्या तव्यावर पाणी बरं. दुपारपर्यंत फोन मान टाकायचा.

घड्याळवाल्याकडे त्यावर उत्तर होतं. तिचा फोन जुन्या घडणीचा, नखाने मागचं झाकण उचकटता येणारा. त्याने तीन जादा बॅटऱ्या आणून दिल्या. पर्समधल्या किल्ल्यांना लागून त्यांचा शॉर्ट होऊ नये म्हणून प्रत्येकीला शिंपीसासऱ्यांकडून फ्लॅनेलची पिशवीही शिवून घेतली. "जुनी काढली, भरलेली टाकली, की फोन नव्यासारखा. ज्या यंत्राची बॅटरी आपल्याला काढता येत नाही ते यंत्र आपलं नसतंच, दुकानदाराचं असतं," तो म्हणायचा. या एका विषयावर मात्र तो भरपूर बोलायचा.

बरीच वर्षं सगळं सुरळीत चाललं. मग तो सुताराचा प्रसंग घडला.

ऐकू न येणाऱ्या एका सुताराच्या पायात खिळा घुसला म्हणून त्याला दवाखान्यात नेलं होतं. त्याने वेणीला फोन लावून फोन डॉक्टरांसमोर धरला. डॉक्टरांनी विचारलं, "कुठलं औषध सोसत नाही का?" वेणीने विचारलं. सुताराने हात वर केला, एका औषधाच्या नावाची पहिली दोन अक्षरं बोटांवर दाखवली, आणि वेणीचा फोन बंद पडला.

तिने झाकण उघडलं, बॅटरी बदलली, बटण दाबलं. फोन सावकाश जागा झाला. आधी कंपनीचं चित्र, मग नमस्कार, मग ती लाडीगोडीची धून. वेणी उभ्या जागी पाय आपटत होती. पुन्हा फोन लागला तोवर डॉक्टर पुढच्या रोग्याकडे गेले होते आणि परिचारिकेने इंजेक्शन दिलं होतं. सुताराच्या अंगभर गांध्या उठल्या, ओठ सुजले. दवाखान्यातच होता म्हणून लगेच उपचार झाले आणि निभावलं. चार दिवसांनी तो स्वतः तिच्याकडे पेढे वाटायला यावं तसा सुजलेला ओठ मिरवत आला, वर हसलाही. वेणीला मात्र हसू येईना.

"अहो, मला मधे तुटणारा फोन नको," ती नवऱ्याला म्हणाली.

"बॅटरी संपायच्या आधीच बदलत जा."

"आणि समोरच्याला काय सांगू? थांबा, तुमचं दुखणं जरा हातात धरा?"

दुसऱ्या दिवशी ती जाऊन पॉवर बँक घेऊन आली. विटेएवढी नाही, पण हातात घेतली की वीटच आठवावी अशी.

आता फोन तुटेना, पण वेगळीच पंचाईत झाली. घरी टेबलावर फोन उभा करता यायचा. बाहेर मात्र एका हातात फोन, फोनला लोंबणारी वायर, वायरीच्या टोकाला ती वीट. बोलायला उरला एकच हात. "एका हाताने मी अर्धी मुकी होते," ती करवादायची. एकदा रस्त्यात उभी राहून कुणाला घरभाडं समजावताना पॉवर बँक खांद्यावरून घसरली आणि फोनला घेऊनच गटारात गेली.

तेव्हा वडिलांनी मनावर घेतलं. ते तिला समोर उभी करून मापं घेऊ लागले. तंबूच्या कापडाचा एक पट्टा बेतला, दोन्ही खांद्यांवरून येऊन कमरेशी बांधायचा. पाठीमागे कमरेवर पॉवर बँकेचा खिसा, आणि वायर शिवणीच्या आतून छातीपर्यंत आणलेली, इजारीतल्या नाडीसारखी. घड्याळवाल्याने टेबललॅम्पची वाकणारी दांडी कापून छातीशी बसवली आणि टोकाला फोनचा चिमटा लावला. फोन तोंडासमोर हातभर अंतरावर उभा राहिला आणि दोन्ही हात मोकळे झाले. पहिल्या दिवशी ती तशी बाजारात गेली, तेव्हा एका आजोबांनी थांबवून विचारलं, "काय विकतेस गं पोरी?"

"बोलणं," ती म्हणाली आणि पुढे गेली.

त्यानंतरची ही गोष्ट. सुट्टीचा दिवस होता. घड्याळांचं दुकान मात्र उघडं होतं आणि वेणी पट्टा अंगावर चढवूनच नवऱ्याचा डबा घेऊन तिथे आली होती. तेवढ्यात फोन थरथरला. पडद्यावर काळोख होता, आणि काळोखात एक हनुवटी.

ती बाइंडरताई होती. पुस्तकं बांधायच्या कारखान्यात काम करणारी, पन्नाशीची, ठार बहिरी बाई. राहिलेलं काम उरकायला एकटीच कारखान्यात गेली होती. उतरताना वीज गेली आणि लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे अडकली. लिफ्टमधल्या धोक्याच्या फोनवर कुणी बोललं तरी तिला ऐकू येणार नव्हतं. तिचा आवाजही ओळखीच्या माणसालाच कळणारा. ती दारावर थापा मारत होती, पण बाहेर कुणी आहे की नाही हे कळायचा मार्ग नव्हता.

हे सगळं वेणीला लगेच कळलं नाही. अंधारात हात दिसत नव्हते, तर बोलणार कसं? तिने स्वतःचे हात पडद्यासमोर धरून ठळक खुणा केल्या. फोनचा दिवा लाव. मागच्या बाजूचा. तो भिंतीकडे कर. लिफ्टची भिंत चकचकीत पत्र्याची होती. दिव्याचा उजेड पत्र्यावरून उलटून आला आणि बाइंडरताईचे हात दिसू लागले. तिने काय झालं ते आणि कारखान्याचा पत्ता सांगितला.

"अहो, अग्निशमनवाल्यांना फोन लावा, आणि चालूच ठेवा," वेणी म्हणाली. घड्याळवाल्याने भिंग कपाळावर सरकवलं आणि स्वतःच्या फोनवर पत्ता सांगू लागला.

"येतायत," वेणीने हातांनी सांगितलं. "तुझी बॅटरी किती आहे?"

"थोडी. दिवा खातोय. पर्समध्ये दुसरी भरलेली आहे."

बाइंडरताईचा फोनही जुन्या घडणीचा होता. भरलेली बॅटरी होती ही नशिबाचीच गोष्ट, पण ती घालायची तर फोन बंद करावा लागणार. म्हणजे दिवा जाणार, वेणी जाणार. आपल्याला अंधारात निदान कसला तरी आवाज येतो. तिला अंधारात काहीच उरत नाही. तिने मान हलवली. नाही, नको.

वेणीने घाई केली नाही. तिने आधी तिच्याकडून सगळं ठरवून घेतलं. खाली बस. पर्स मांडीत घे. नवी बॅटरी उजव्या हातात, जुनी डाव्या. "मग अंधार होईल. तू परत येशील तेव्हा मी इथेच असेन. माझा फोन बंद पडणार नाही. माझ्या पाठीवर वीट आहे." बाइंडरताईला तेवढ्यातही हसू आलं. मग पडदा काळा झाला.

वेणी तशीच उभी राहिली, हात छातीशी, खूण करायच्या तयारीत. दुकानातली घड्याळं टिकटिकत होती. वेळ गेला. अजून गेला. बॅटरी बदलायला लागतो त्याच्या कितीतरी जास्त.

"काय झालं?" घड्याळवाल्याने विचारलं.

"पडली असेल." वेणी पडद्यावरून नजर काढेना. "हातातून पडली असेल."

"दाराच्या फटीतून खाली गेली तर..."

"अहो, गप्प बसा ना!"

आणि पडला उजेड. बाइंडरताईच्या कपाळावर घाम होता, केस सुटले होते. बॅटरी खरंच पडली होती. तिने सबंध जमीन तळहाताने पुसून काढली होती आणि दाराच्या कडेपाशी, फटीच्या अगदी तोंडावर ती तिच्या बोटांना लागली होती. "मी कागदाची कड नखाने ओळखते. ही तर बॅटरी," तिने सांगितलं. मग रडली. वेणी तिला रडू देत समोर उभी राहिली.

नंतर दोघी गप्पा मारत बसल्या. डिंक कसा फसवतो, सुनेला चहा कसा करता येत नाही, मुकादम कसा चालतो. मुकादमाची चाल बाइंडरताईने नुसत्या दोन बोटांनी करून दाखवली आणि वेणी एवढ्या मोठ्याने हसली, की रस्त्यावरचे लोक वळून बघू लागले.

अग्निशमनवाले पोचले. ते वरून ओरडत होते, "दारापासून लांब व्हा!" उत्तर येईना म्हणून घाबरले, बाई बेशुद्ध तर नाही? केंद्राने त्यांच्याशी जोडून दिलेल्या फोनवर घड्याळवाल्याने ते ओरडणं ऐकून बायकोला सांगितलं, तिने हातांनी खाली पोचवलं, आणि बाइंडरताई मागच्या भिंतीला टेकली. दारात पहार घुसली, उजेडाची रेघ आली, मग हात आले. बाहेर काढल्यावर तिने पहिल्यांदा पर्स शोधली, मग पाणी मागितलं.

घरी त्यावरून वाद झाला नसता तरच नवल. घड्याळवाला म्हणाला, "बघ, शेवटी जादा बॅटरीनेच वाचवलं." वेणी म्हणाली, "आणि या बाजूला मी बंद पडले असते तर तिने कुणाला बघितलं असतं?" दोघांचंही खरं होतं. बाइंडरताईने पॉवर बँक घेतली, पण फोन बदलला नाही, आणि फ्लॅनेलच्या पिशवीतली बॅटरीही पर्समधून काढली नाही.

पुढच्या महिन्यात अग्निशमन केंद्राच्या प्रमुखांचा निरोप आला. आमच्या माणसांना चार खुणा शिकवाल का? थांबा, मागे व्हा, येतोय, कुठे दुखतंय, एवढ्या तरी. वेणी वडिलांना घेऊन गेली. अंगणात सगळे जवान रांगेने उभे, जाड हातमोजे घालून. वडिलांनी पहिल्यांदा ते काढायला लावले. हातमोज्यातून बोलणं म्हणजे तोंडात घास धरून बोलणं. मग त्यांनी एकेकाचे हात तपासले. कुणाची कोपरं ढिली, कुणाची बोटं चिकटलेली, आणि एक दांडगा जवान 'मागे व्हा' म्हणताना हटकून 'म्हैस' म्हणत होता. वडिलांचे हात भराभरा चालले, चेहरा लाल झाला.

"काय म्हणतायत?" प्रमुखांनी विचारलं.

"म्हणतायत, सुरुवात छान आहे," वेणी म्हणाली. "पण रोज सराव करा."

वडिलांनी तिच्या ओठांकडे संशयाने पाहिलं, आणि जवानाचं कोपर धरून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.