दहा मिनिटांत येतो

माझा मामा किल्ल्या बनवायचा. टपरीएवढं दुकान, पण ऐट बघावी तर कारखानदाराची! केलेल्या प्रत्येक किल्लीच्या डोक्यावर कानशीने तीन बारीक खाचा पाडायचा. "आपलं काम आपल्याला ओळखता आलं पाहिजे," म्हणायचा. आणि साबणावरच्या ठशावरून किल्ली करायची नाही, हा कानाला खडा.

तो खडा त्याने एकाच बाईसाठी काढला. ती बाई म्हणजे माझी मामी. तेव्हा ती दुसऱ्याची बायको होती. नवरा कामावर जाताना तिला घरात कोंडून जायचा. जिन्यावरच्या त्या दाराच्या कुलपाला आतून-बाहेरून एकच किल्ली लागायची आणि ती त्याच्या खिशात. आठवड्यातून एकदा तिला भाजीला सोडायचा. एकदा भाजीच्या पिशवीतून साबणाची वडी आली, पुढच्या आठवड्यात मामाने किल्ली दिली.

"पैसे नाही घेतलेस?" मी विचारायचे.

"गप ग, आगाऊ!" मामाचे कान लाल.

किल्ली दिल्याला सहा दिवस झाले होते. सातव्या दिवशी ती भाजीला यायची, म्हणून आदल्या दुपारी स्वारी केस कापायला गेली. जन्मात कधी दुपारी दुकान बंद न करणारा माणूस! डबासुद्धा कानशीशेजारी खायचा. शटरवर खडूने 'दहा मिनिटांत येतो' लिहिलं आणि न्हाव्याकडे गर्दी म्हणून दीड-दोन तास अडकला. परत येऊन अक्षरं पुसली. मानेवरचे केस अजून टोचत होते, तोच इन्स्पेक्टर दारात. जिन्याखाली नवऱ्याचं प्रेत, मान मोडलेली. वर दार उघडं, कुलपात तीन खाचांची किल्ली.

"कुणी करून घेतली?"

मामाची पाचावर धारण बसली. पण म्हणाला, "मालकांनीच, साहेब. एक हरवली तर असावी म्हणून." प्रकरण मिटलं. जिना अरुंद होता, पाय घसरला असेल, असं ठरलं.

दोन वर्षांनी त्यांनी लग्न केलं. मला त्या घराइतकं कुठलंच घर आवडलं नाही. खिडकीत लोखंडाचा वास, मामी मोठ्याने पेपर वाचतेय, मामा मधेच चूक काढतोय. एक गोष्ट मात्र खरी: मामाने आयुष्यभर तळमजलाच घेतला. वरची हवेशीर खोली फुकटात मिळत होती, तरी म्हणाला, "माझे गुडघे!" गुडघे ठणठणीत होते मेल्याचे.

शेवटच्या आजारपणात मला म्हणाला, "तिने ढकललं का ग त्याला?"

"इतकी वर्षं विचारलं का नाहीस?"

"हो म्हणाली असती तर? तिला सोडून मी जाणार कुठे?"

तो गेल्यावर महिन्याभराने मामी त्याच्या कानशी पुसत बसली होती. एकदम म्हणाली, "तुझा मामा जिन्याला घाबरायचा, म्हणजे मलाच. मला कळत नव्हतं होय?"

"मग सांगायचंस ना काय झालं ते!"

"न विचारता सांगितलं की माणूस चोर ठरतो. त्याने विचारावं, एवढीच इच्छा होती." कानस खाली ठेवली. "मी घरात नव्हतेच ग. त्या दुपारी दार उघडलं आणि पळत सुटले, किल्ली कुलपातच राहिली. नवरा मधेच घरी आला असेल, उघडं दार बघून मला धरायला खाली धावला असेल. मी ह्यांच्या दुकानाच्या पायरीवर बसले होते. दुकान बंद. खडूने लिहिलेलं, दहा मिनिटांत येतो. तासभर बसले. शेवटी परत गेले, तर दाराशी ही गर्दी."

त्या खडूचं मामाने मला सोडून कुणाला सांगितलं नव्हतं.

"मामी, तो केस कापायला गेला होता. तू दुसऱ्या दिवशी येणार म्हणून."

मामीचा चेहरा लहान मुलीसारखा झाला आणि ती हुंदके देऊन रडायला लागली.

"आणि मला इतकी वर्षं वाटत होतं," ती म्हणाली, "मला येताना बघून तो पळाला."