अक्काच्या नावाची मूठ

जनाअक्का मला जवळ घेण्याआधी कोपरापर्यंत ताक चोळायची. सकाळी दोंडाईच्याच्या पथारीवर, म्हणजे मिरची वाळवतात त्या मैदानात, देठ खुडायचे आणि दुपारनंतर आमच्याकडे धुणीभांडी. पथारी आमचीच, घरही आमचंच. "थांब व माय, भगभग व्हई तुले," म्हणायची. एवढं चोळूनही माझे गाल चुरचुरायचेच. मी किंचाळायचे, ती खदखदून हसायची आणि हसता हसता तिला ठसका लागायचा. आता जळगावला मेसमध्ये ताटात ताक आलं, की तिची फार आठवण येते.

ठसका तिचा कायमचाच. आमच्या घराच्या पथारीकडच्या खिडक्या मात्र सदा बंद. मिरचीच्या जिवावर मी वाढले, पण ती माणसाच्या छातीत जाऊन काय करते, याचा मला पत्ता नव्हता. अशी मी लाडोबा!

काम आटोपलं की अक्का दारातून डोकवायची. "बठ्ठा जेवनात ना? मंग मी बसस." सगळे जेवल्याशिवाय ती कधी बसली नाही. बाबा आल्यागेल्याला सांगायचे, "अक्का म्हणजे आमच्या घरचीच." मला ते अगदी खरं वाटायचं.

श्रावणात आमच्याकडे कानबाई देवी बसते. घरातल्या पुरुषांच्या नावाने एकेक मूठ गहू घेऊन दळायचे आणि त्याच पिठाचे रोट करायचे. ते घरच्यांनीच संपवायचे. मला भाऊ नाही, म्हणून बाबा माझ्याही नावाची मूठ घालत. अक्का ते गहू निवडून द्यायची, भांड्यांचा ढीग उपसायची, पण रोट खायची नाही. एकदा मी हट्टालाच पेटले, तेव्हा म्हणाली, "मना गहू मोजेल नहीत त्यामा, बेटा." मला वाटलं, थट्टा करतेय.

मी बारावीत असताना, कानबाईच्या तोंडावर अक्का धुळ्याच्या दवाखान्यात वारली. त्या ठसक्यानेच. बाबा फोनवर सांगत होते, "घरचं माणूस गेलं हो!" स्मशानातून आले तेव्हा त्यांचे डोळे लाल होते. ते रडणं खोटं नव्हतं, हे मी आजही सांगेन.

दुसऱ्या दिवशी आईने गव्हाचा डबा काढला. मी म्हटलं, "आई, हे काय? घरात कुणी गेलं तर त्या वर्षी रोट नसतात ना?"

"घरात कोण गेलंय?" आई बोलून गेली. मग माझ्याकडे पाहून तिचा आवाज उतरला. "अगं, आपल्याला तिचं सुतक नसतं."

मी बाबांकडे पाहिलं. त्यांनी मान खाली घातली आणि पहिली मूठ भरली.

जेवणं झाली, रोट उरले. अक्काकडे चूल पेटली नसेल म्हणून मी ते डब्यात भरले. आईने डबा काढून घेतला. "वरणभात ने हवा तेवढा. रोट उंबऱ्याबाहेर जात नाहीत."

वरणभात घेऊन मी गेले. अक्काचं घर पथारीच्या पलीकडे, आमच्या बंद खिडक्यांच्या बरोबर समोर. जन्मात पहिल्यांदा मी तिथे पाऊल टाकलं आणि पावसाळ्यातही घरात मुरलेल्या तिखटाने दारातच मला जोराचा ठसका लागला. अक्काच्या लेकाने पाणी दिलं. डबा हातात घेतला, पण उघडला नाही.

"तुम्ही बठ्ठा जेवनात ना?" त्याने विचारलं.

जेवलो होतो. सगळे. पोटभर.